बाहेर बसलेली मुलगी परत खेळू शकते
सॉफ्टबॉलचे नियम आणि मुलींचे आरोग्य

आपल्या वस्त्यांतील अनेक मुली आता शालेय सॉफ्टबॉल खेळू लागल्या आहेत. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत हे सामने होतात. मैदान नगरच्या वाडिया पार्कचे असो की श्रीरामपूर-पाथर्डीकडच्या एखाद्या शाळेचे, एक गोष्ट सगळीकडे दिसते. मुलीला भोवळ येते, पाय मुरगळतो, तरी ती सांगत नाही. एकदा बाहेर गेलो की संपलं, असे तिला वाटते. क्रिकेट पाहून झालेला हा समज आहे. सॉफ्टबॉलचा नियम वेगळा आहे आणि तो आईवडिलांनाही ठाऊक असायला हवा.

सामन्याआधी प्रत्येक संघ नऊ जणींची नावे फलंदाजीच्या क्रमाने लिहून पंचांकडे देतो. या पहिल्या यादीतील कोणतीही मुलगी बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकते. अट एवढीच की, फलंदाजीत तिचा जो क्रमांक होता त्याच क्रमांकावर तिने यावे. चौथी होती तर चौथीच. तिच्या जागी आलेली राखीव खेळाडू मात्र एकदा बाहेर गेली की त्या सामन्यात पुन्हा येऊ शकत नाही. आणि प्रत्येक बदल पंचांना सांगूनच करायचा.

म्हणजे चक्कर आलेल्या मुलीला एक-दोन डाव सावलीत बसवले, पाणी आणि साखर-मीठ पाजले, तर संघाचे फारसे बिघडत नाही. सामना सात डावांचा असतो. बरे वाटले तर ती परत येईल. बरे वाटले नाही तर येऊ नये, हेही तितकेच खरे.

रक्ताचा नियम याहून कडक आहे. गुडघा किंवा कोपर फुटून रक्त येत असेल तर ते थांबेपर्यंत खेळाडूला बाहेर ठेवावे लागते. कपडे रक्ताने भिजले असतील तर ते बदलावे लागतात. तेवढ्या वेळेपुरती दुसरी मुलगी तिच्या जागी खेळू शकते. चालू डाव आणि पुढचा पूर्ण डाव एवढ्या काळात जखमी मुलगी परतली, तर तो बदल नेहमीच्या बदलात धरला जात नाही. जखम वाहत्या पाण्याने धुवावी. हळद, माती, चुना काही भरू नये.

अशा अदलाबदलीत गोंधळ होतो तो फलंदाजीच्या क्रमाचा. समजा चौथीऐवजी पाचवी खेळायला उभी राहिली. ती खेळत असतानाच लक्षात आले, तर चौथीने यायचे आणि झालेले स्ट्राइक-बॉल तसेच पुढे धरायचे. पाचवीची पाळी पूर्ण झाल्यावर, पण पुढचा चेंडू पडण्याआधी समोरच्या संघाने हरकत घेतली, तर चौथी बाद. पाचवीच्या फटक्यावर मिळालेल्या धावा रद्द होतात, आणि आता पुन्हा पाचवीचीच पाळी. पुढच्या फलंदाजाला एक चेंडू टाकून झाला असेल, तर मात्र सगळे ग्राह्य धरून सहावीपासून पुढे चालू. म्हणून वही घेऊन बसणारी एक मुलगी संघात असावीच. स्थानिक स्पर्धेत थोडा फरक असू शकतो, तो सामन्याआधी पंचांना विचारून घ्यावा.

भोवळ येण्याचे कारण बहुधा घरातच असते: सकाळी नुसत्या चहावर निघणे. भाकरी-भाजी, मूठभर शेंगदाणे-गूळ खाऊन पाठवा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यायला सांगा. पाळीच्या दिवसांत खेळायला हरकत नाही, पण फार रक्त जात असेल किंवा थकवा सारखाच राहत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या.

डोक्याला चेंडू लागला तर परत येण्याचा नियम विसरा. मुलगी कितीही म्हणाली, "सर, मी बरी आहे," तरी त्या दिवशी तिला खेळवू नये. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर लगेच दवाखान्यात न्यावे. रात्री तिला एकटी झोपू देऊ नये.