पालीला प्रवेश घेतलात, आता पहिले सत्र कसे पार पाडाल?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाली शिकायची इच्छा आपल्या समाजात त्याआधीही होतीच. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत पालीचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. अनेक ठिकाणी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला एम.ए. पालीला प्रवेश घेता येतो. त्यामुळे वर्गात तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेली मुलगी असते, नोकरी सांभाळून शिकणारा तरुण असतो, चीवरधारी भिक्खू असतात आणि निवृत्तीनंतर आलेले काका-काकूही असतात.

प्रवेश, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाच्या कामात आम्ही अशा विद्यार्थ्यांसोबत असतो. त्यातले काही जण पहिल्या सत्रातच येणे बंद करतात. कारण विचारले तर उत्तर येते, "आपल्याला नाही जमणार." थोडे खोलात गेल्यावर कळते की अभ्यास त्यांच्या आवाक्याबाहेर नव्हता. विद्यापीठ आपल्याकडून नेमके काय मागते आणि अडल्यावर कोणाकडे जायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ज्यांच्या घरात दोन पिढ्या विद्यापीठात शिकल्या, त्यांना हे जेवताना कळते. आपल्यातील अनेकांच्या घरात एम.ए.पर्यंत पोहोचणारे ते पहिलेच असतात. म्हणून हे स्पष्टपणे लिहीत आहोत.

वंदनेतील पाली आणि वर्गातील पाली

विहारात जाणाऱ्या मुलाला त्रिसरण, पंचशील, सुत्तपठण तोंडपाठ असते. ही मोठी पुंजी आहे. उच्चार कानावर बसलेले असतात, शब्द ओळखीचे असतात. पण वर्गात पाठांतराच्या पुढची अपेक्षा असते. शब्दाचे रूप ओळखणे, वाक्य सोडवणे आणि स्वतः अर्थ लावणे हे तिथे करावे लागते.

'बुद्ध' हा शब्द घ्या. बुद्धो, बुद्धं, बुद्धेन, बुद्धस्स, बुद्धे अशी त्याची रूपे होतात. यातील 'बुद्धस्स' हे रूप चतुर्थीचेही असू शकते आणि षष्ठीचेही. 'बुद्धेहि' तृतीयेचे अनेकवचनही असू शकते आणि पंचमीचेही. कोणती विभक्ती आहे हे वाक्य पाहून ठरवावे लागते. वंदनेचा अर्थ आपण एकसंध पाठ केलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला कधी पडलेला नसतो. परीक्षेत तोच विचारला जातो.

म्हणून पहिल्या महिन्यात एक सवय लावून घ्यावी. आपल्याला पाठ असलेल्या वंदनेतील रोज दोन ओळी वहीत उतरवून प्रत्येक शब्दासमोर मूळ शब्द, विभक्ती, वचन किंवा क्रियापदाचा काळ लिहावा. जे ओळखता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकावे. ही प्रश्नचिन्हेच शिक्षकांकडे न्यायची आहेत.

दुसरी अडचण लिपीची. भारतात नालंदा आणि इगतपुरी येथून देवनागरी तिपिटक प्रकाशित झाले आहे. पण १८८१ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्त्या रोमन लिपीत आहेत आणि जगभरातील संशोधनात त्यांचेच पृष्ठक्रमांक दिले जातात. अक्षरांवरच्या आडव्या रेघा आणि खालचे टिंब पाहून विद्यार्थी घाबरतात. देवनागरी आणि रोमन मजकूर शेजारी ठेवून रोज अर्धे पान वाचले, तर ही भीती लवकर जाते.

श्रेयांक आणि अंतर्गत गुण

आता बहुतेक अभ्यासक्रम श्रेयांक पद्धतीवर चालतात. एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तासांचे अध्यापन, म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयाला ६० तास. घरचा अभ्यास यात धरलेला नाही. नोकरी करणाऱ्यांनी प्रवेशाच्या वेळीच वेळापत्रक आणि हजेरीचा नियम विचारून घ्यावा. हजेरी कमी पडली म्हणून परीक्षेला बसू न दिल्याचे कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

गुणांचा मोठा भाग सत्र चालू असतानाच मिळतो. लेखी स्वाध्याय, चाचणी, वर्गातील सादरीकरण, तोंडी परीक्षा यांचे गुण अंतिम निकालात धरले जातात. त्याचे प्रमाण प्रत्येक विद्यापीठात वेगळे असते आणि अनेक ठिकाणी अंतर्गत व अंतिम परीक्षेत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. 'शेवटी जोर लावू' ही बी.ए.ची सवय इथे नडते. पहिल्याच आठवड्यात अभ्यासक्रमाची पूर्ण प्रत मिळवा आणि स्वाध्यायांच्या तारखा भिंतीवर लावा.

परीक्षा कोणत्या भाषेत लिहिता येईल, हेही तेव्हाच विचारा. मराठीतून उत्तरे लिहिण्याची सोय असूनही ती माहीत नाही म्हणून काही जण तुटक इंग्रजीत लिहितात आणि हातचे गुण घालवतात.

'बुद्धाने सांगितले आहे' एवढे लिहून भागत नाही

आपल्या भाषणांत, पोस्टमध्ये कालाम सुत्ताचा उल्लेख नेहमी येतो. स्वाध्यायात मात्र पुढचा प्रश्न असतो: कुठे सांगितले आहे? हे सुत्त अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात आहे. देवनागरी आवृत्तीत त्याचे नाव केसमुत्तिसुत्त असे आहे. काही आवृत्त्यांत त्याचा क्रमांक ६५ आहे, तर काहींत ६६. पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीत ते पहिल्या खंडात पृष्ठ १८८ पासून येते. म्हणून निकाय, सुत्ताचे नाव, क्रमांक आणि कोणती आवृत्ती वापरली, या चारही गोष्टी लिहायच्या. सुत्त मुळातून वाचले की फिरत्या पोस्टमधील मजकूर आणि मूळ मजकूर यांतील फरकही लक्षात येतो.

दुसऱ्याचे वाक्य घेतले तर अवतरणचिन्हात घ्यावे, विचार घेतला तर नाव द्यावे. यूजीसीने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबाबत नियम केले आहेत. प्रबंध आणि शोधनिबंधात १० टक्क्यांपेक्षा जास्त साम्य आढळले तर कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. ही शिस्त पुढे एकदम येत नाही, पहिल्या स्वाध्यायापासून लावून घ्यावी लागते. चॅटजीपीटीसारख्या साधनाने दिलेला सुत्ताचा क्रमांक मूळ ग्रंथात पाहिल्याशिवाय कधीही लिहू नका. ते ठामपणे चुकीचे संदर्भ देते.

प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे

अनेक विद्यार्थ्यांची खरी घुसमट इथे होते. शिक्षक विचारतात, "सिद्धार्थाच्या गृहत्यागाची परंपरागत कथा आणि बाबासाहेबांची मांडणी यांची तुलना करा." विद्यार्थ्याला वाटते, आपल्या श्रद्धेची परीक्षा घेतली जात आहे. मग तो एक तर चिडतो किंवा फक्त गौरवपर लिहितो. दोन्हीत गुण जातात.

१९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतःच परिव्रज्येविषयी, चार आर्यसत्यांविषयी, कर्म-पुनर्जन्माविषयी आणि भिक्खूसंघाच्या हेतूविषयी प्रश्न उभे केले. वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहून गृहत्याग केला, ही कथा त्यांना पटणारी नव्हती. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेल्या वादाच्या आधारे वेगळी मांडणी केली. उत्तर लिहिताना परंपरागत कथा कोणत्या ग्रंथात येते, बाबासाहेबांचा आक्षेप काय, त्यांनी कोणता आधार घेतला आणि तुम्हाला कोणता युक्तिवाद सबळ वाटतो, हे क्रमाने लिहा. यात बाबासाहेबांचा अवमान नाही, त्यांच्याच पद्धतीचा अभ्यास आहे.

मदत कुठे आहे?

सर्वांत जवळची मदत शिक्षकांची. वर्गाबाहेर भेटून शंका विचारणे हे त्यांच्या कामात धरलेलेच असते, ते उपकार नसतात. मात्र "सर, काहीच समजत नाही" असे म्हटल्यावर त्यांनाही कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. "मॅडम, या वाक्यात 'बुद्धेहि' तृतीया आहे की पंचमी, हे कसे ओळखायचे?" असे विचारा. पाच मिनिटांत उत्तर मिळते.

ग्रंथालयात पाली-इंग्रजी कोशाबरोबर बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांचा १६ वा खंड मागा. त्यात त्यांनी तयार केलेले पाली व्याकरण आणि कोश आहे. शाळेत ज्यांना संस्कृत शिकू दिले नाही आणि फारसी घ्यावी लागली, त्यांनी पुढे पालीचा कोश रचला, हे नव्या विद्यार्थ्याने एकदा हातात घेऊन पाहावे.

अनेक संस्थांमध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक वर्ग असतात. त्याला बसणे कमीपणाचे नाही. यूजीसी नेटसाठीही पाली हा स्वतंत्र विषय आहे, त्याची तयारी करून घेतली जाते का, हेही विभागात विचारावे.

पैशांचे प्रश्न पहिल्याच महिन्यात सोडवावेत. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मोठ्या शहरांत ती वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत देते. दोन्हींच्या गुण, उत्पन्न आणि कागदपत्रांच्या अटी त्या वर्षीच्या सूचनेत वाचून घ्या. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला प्रवेशाआधीच तयार ठेवा.

लाल शेरा आणि भेदभाव यांतील फरक

स्वाध्यायाची वही लाल शेऱ्यांनी भरून आली की पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला अपमान वाटतो. 'संदर्भ द्या', 'विभक्ती चुकली', 'हे पुन्हा लिहा' हे शेरे कामावरचे असतात. ते घेऊन शिक्षकांना भेटा आणि सुधारून दाखवा.

पण जातीवरून टोमणा, आरक्षणावरून हिणवणे, तोंडी परीक्षेत आडनावावरून प्रश्न किंवा सर्वांना दिलेली मदत एकालाच नाकारणे, हा भेदभाव आहे. तो सहन करायचा नाही. यूजीसीच्या २०१२ च्या समताविषयक विनियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आहे. २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि त्यावर लोकपाल अशी व्यवस्था आहे. तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लगेच लिहून ठेवा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. दोन गोष्टींतला हा फरक कळला, तर विद्यार्थी योग्य टीकेने खचत नाही आणि अन्याय गप्प बसून गिळतही नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पाली शिकण्यासाठी धर्मानंद कोसंबींना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीलंकेत जावे लागले होते. आज विभाग, ग्रंथ आणि शिष्यवृत्त्या आपल्या जिल्ह्यापर्यंत आल्या आहेत. तरीही दुसऱ्या सत्रात वर्ग रिकामा होत असेल, तर तो केवळ विद्यार्थ्याचा दोष नाही.

आपल्या भागातून पालीला किती जणांनी प्रवेश घेतला, याची यादी प्रत्येक विहार समितीने करावी. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाच्या दोघांशी जोडून द्यावे. रविवारी वंदनेनंतर एक तास व्याकरणाच्या वहीसाठी ठेवावा. विहारात एक कोश आणि अभ्यासक्रमाची प्रत असावी. पहिल्या स्वाध्यायाच्या तारखेआधी आणि शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेआधी प्रत्येकाला एक फोन करावा. याला फारसा खर्च नाही. प्रवेशाचे अभिनंदन करणारे बॅनर आपण लावतोच. यंदा त्याच मुलांना पहिल्या सत्राच्या निकालापर्यंत सोबत करूया.

जय भीम! नमो बुद्धाय!