विश्लेषण : वकिली मागे ठेवून मायक्रोफोनसमोर बसलेले ‘कॉम्बॅट जॅक’ कोण होते?

ब्रुकलिनचे रेजी ओसे २० डिसेंबर २०१७ रोजी गेले. वय अवघे ५३. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने ग्रासल्याचे त्यांनी श्रोत्यांना ऑक्टोबरमध्ये सांगितले होते. त्यानंतर जेमतेम दोन महिने. ते चार मुलांचे वडील होते आणि हिप-हॉपच्या दुनियेत ‘कॉम्बॅट जॅक’ या नावाने ओळखले जात. आज यूट्यूबवर दोन-दोन तासांच्या मुलाखती पाहणे आपल्या अंगवळणी पडले आहे. मराठीतही त्यांची रेलचेल आहे. पण २०१० मध्ये एखाद्या रॅपरला दोन तास बसवून त्याचे बालपण, त्याची भीती आणि त्याचे करारपत्र यांवर बोलते करणे ही नवलाईची गोष्ट होती.

वकील रेडिओवर कसे आले?

ओसे यांचे कुटुंब मूळचे हैतीचे. कॅरेबियन समुद्रातील या देशातून न्यूयॉर्कला आलेल्या अनेक घरांप्रमाणे त्यांच्याही घरात शिक्षणाला मोल होते. कॉर्नेल विद्यापीठातून पदवी आणि जॉर्जटाउनमधून कायद्याचे शिक्षण, असा त्यांचा प्रवास रेखीव होता. मात्र उमेदवारी करण्यासाठी त्यांनी गाठले ते ‘डेफ जॅम’ या रॅप रेकॉर्ड कंपनीचे कार्यालय. नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कच्या रॅपला सुवर्णकाळ आला, तेव्हा ओसे त्याच्या कागदपत्रांवर काम करत होते. जे-झी आणि डेमन डॅश यांच्या ‘रॉक-ए-फेला’ कंपनीचे कायदेशीर काम त्यांनी सुरुवातीच्या दिवसांत पाहिले.

पुढे इंटरनेटवरून फुकट गाणी उतरवण्याचे दिवस आले. १९९९ नंतर अमेरिकी संगीत उद्योगाचे उत्पन्न घसरत गेले. कंपन्यांकडचा पैसा आटला की वकिलांचे कामही आटते. घरात मुले, डोक्यावर खर्च आणि ज्या धंद्यात उमेदीची वर्षे घालवली तोच धंदा बसलेला, अशी ती अवस्था. या काळात त्यांनी ‘कॉम्बॅट जॅक’ हे टोपणनाव घेऊन ब्लॉग लिहायला सुरुवात केली. संगीत उद्योगाच्या बंद दारांआडच्या गोष्टी सांगणारा हा माणूस कोण, याची चर्चा बराच काळ चालू होती.

२०१० मध्ये ‘द कॉम्बॅट जॅक शो’ इंटरनेट रेडिओवर सुरू झाला तेव्हा ओसे पंचेचाळिशी ओलांडून पुढे गेले होते. तरुणांचे समजल्या जाणाऱ्या या संगीतात हे वय निवृत्तीचे. त्यांनी मात्र वयाचा आव कधी लपवला नाही. श्रोत्यांना ते ‘इंटरनेट्स’ अशी हाक मारत. मुळात चुकीचे असलेले हे अनेकवचन त्यांच्या तोंडी लाडके होऊन बसले.

त्यांच्या मुलाखती वेगळ्या का ठरल्या?

न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रेडिओ केंद्रांवर रॅपर यायचे ते नव्या अल्बमची जाहिरात करायला. पाच-दहा मिनिटांच्या गप्पा, एखादे भांडण उकरून काढायचे, मग गाणे आणि जाहिरात. ओसे यांच्याकडे वेळेचे बंधन नव्हते. शिवाय समोरच्याने काय सोसले आहे, हे त्यांना आतून ठाऊक होते.

रेकॉर्ड कंपनीचा करार समजून घेतला तर हे लक्षात येईल. आपल्याकडे ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामभर ती फेडतो. रॅपरला कंपनीकडून मिळणारी आगाऊ रक्कम ही बरीचशी अशीच उचल असते. स्टुडिओचे भाडे त्यातून, व्हिडीओचा बराचसा खर्चही त्याच्याच खाती. ही सगळी रक्कम त्याच्या रॉयल्टीतून वळती होईपर्यंत हाती पुढचा पैसा येत नाही. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुतेक वेळा कंपनीकडे. वीस-बावीस वर्षांचा, वस्तीतून आलेला मुलगा गळ्यात सोन्याची साखळी घालून टीव्हीवर दिसायचा आणि हिशेबाच्या वहीत कर्जबाजारी असायचा. (या दागिन्यांच्या वेडावर ओसे यांनी २००६ मध्ये ‘ब्लिंग’ नावाचे पुस्तकही सहलेखनात केले होते.) करारांचा हा व्यवहार ज्याने वकील म्हणून जवळून पाहिला, तोच आता समोर बसून विचारत होता. त्यामुळे पाहुण्यांना बढाया मारण्यात फारसा अर्थ उरत नसे.

हिप-हॉपचे पहिले पाऊल १९७३ मध्ये ब्राँक्समधील एका पार्टीत पडले असे मानले जाते. म्हणजे त्या पिढीतले अनेक जण २०१० नंतर पन्नाशी-साठीत होते. त्यांच्या आठवणी विद्यापीठांनी टिपल्या नव्हत्या, मोठ्या वृत्तपत्रांनी तर फार कमी. त्या ओसे यांच्या टेबलावर ध्वनिमुद्रित झाल्या. २०१३ मध्ये क्रिस मॉरो यांच्यासोबत त्यांनी ‘लाउड स्पीकर्स नेटवर्क’ सुरू केले. ‘द रीड’सारखे कृष्णवर्णीय निवेदकांचे लोकप्रिय कार्यक्रम या छत्राखाली आले. पॉडकास्ट म्हणजे गोऱ्या, सुशिक्षित श्रोत्यांचा छंद, हा समज त्याने मोडीत काढला.

‘मोगल’मध्ये काय होते?

२०१७ मध्ये आलेली ‘मोगल’ ही मालिका त्यांचे सर्वांत गाजलेले काम. ‘गिमलेट’ या कंपनीसोबत केलेली ही मालिका क्रिस लायटी यांच्यावर होती. लायटी ब्राँक्सच्या सरकारी वसाहतीत वाढले. रेडिओवरील प्रसिद्ध डीजे रेड अलर्ट यांच्या रेकॉर्डच्या पेट्या उचलण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि ५० सेंट, बस्टा राइम्स, मिसी एलियट अशा कलाकारांचे व्यवस्थापक झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये, ४४ व्या वर्षी, घरीच गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला. ती आत्महत्या असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला.

यशस्वी पुरुष, वडील, सर्वांचा आधार. अशा माणसाच्या मनात काय चालले होते, हे कोणालाच कळले नाही का? हा प्रश्न घेऊन ओसे लायटींच्या जवळच्या माणसांकडे गेले. लायटींच्या घरातील हिंसाचारही त्यांनी झाकला नाही. मित्राची कथा सांगताना त्याचा पुतळा उभारण्याचा मोह होतो. तो त्यांनी टाळला, आणि ‘मोगल’चे मोठेपण येथेच आहे. कठोर दिसणे हीच ज्या संगीताची ओळख, त्यात नैराश्याबद्दल इतके उघड बोलणे तेव्हा दुर्मीळ होते.

ही मालिका लोकांपर्यंत पोहोचली त्याच वर्षी ओसे यांचे निदान झाले.

पन्नाशी की पंचेचाळिशी? तपासणीचा प्रश्न काय आहे?

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा आतल्या अस्तरावर येणाऱ्या लहान गाठींतून, म्हणजे पॉलिपमधून वाढतो. पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागू शकतात. कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसला तर तेव्हाच काढता येतो. म्हणजे हा असा मोजका कर्करोग आहे, जो तपासणीने होण्याआधीच रोखता येतो. शौचातून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत अचानक बदल, कारण नसताना वजन घटणे किंवा रक्त कमी होणे ही त्याची लक्षणे. आपल्याकडे रक्त दिसले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्‌महिने काढले जातात.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांमध्ये हा कर्करोग होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे २० टक्के, तर मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्के अधिक असल्याचे अमेरिकन कॅन्सर सोसायटी सांगते. तरीही ओसे यांच्या हयातीत तेथे तपासणीचे सर्वसाधारण वय ५० मानले जाई. कृष्णवर्णीयांनी ४५ पासूनच तपासणी करावी, असे पोटविकारतज्ज्ञांच्या संघटना आधीपासून सांगत होत्या. ते डॉक्टरच्या खोलीत प्रत्येकाच्या कानी पडत होतेच असे नाही. मे २०१८ मध्ये, ओसे गेल्यानंतर पाच महिन्यांनी, कॅन्सर सोसायटीने सर्वांसाठीच हे वय ४५ वर आणले. सरकारी शिफारशींचे तज्ज्ञ मंडळ २०२१ मध्ये त्याच निर्णयावर आले. मधल्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, ‘ब्लॅक पँथर’चा नायक चॅडविक बोसमन याच आजाराने ४३ व्या वर्षी गेला. नवा नियमही त्याच्या वयापर्यंत पोहोचत नव्हता.

पुढे काय झाले?

ओसे यांच्या निधनानंतर श्रद्धांजली वाहणाऱ्यांत कलाकारांइतकेच नवे निवेदक होते. ज्यांनी घरच्या खोलीत माइक लावून कार्यक्रम सुरू केले होते, असे अनेक जण. ‘मोगल’चा दुसरा हंगाम २०१९ मध्ये आला. विषय होता मायामीचा ‘टू लाइव्ह क्रू’ हा गट, आणि निवेदकाच्या खुर्चीत होते ब्रँडन जेंकिन्स.