शेकमध्ये ओट्स किती घालायचे? आधी चमच्याचा हिशोब, मग ग्लासचा भाव

जिमसमोर किंवा मॉर्निंग वॉकच्या मैदानाबाहेर प्रोटीन शेकचा छोटा स्टॉल टाकायचा, हा विचार सध्या बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. आपल्या वर्गात या विषयावर हमखास एक प्रश्न येतो: "सर, शेकमध्ये ओट्स घातले की प्रोटीन वाढतं ना? मग जास्त ओट्स घालून जास्त भाव लावला तर चालेल का?"

थोडक्यात उत्तर असं, की ओट्स ग्लासला दाटपणा देतात, पोट भरल्यासारखं वाटायला लावतात, पण प्रोटीनसाठी त्यांच्यावर विसंबून राहायचं नाही. यातच तुमचा नफा आणि तुमचा शब्द दोन्ही अडकलेले आहेत, म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

शेकमधल्या प्रत्येक वस्तूला एक काम असतं. दूध हा पाया. ओट्स, केळं ही दाटपणासाठी. शेंगदाणे, पंढरपुरी डाळं, स्किम्ड मिल्क पावडर ही प्रोटीनसाठी. खजूर, गूळ गोडीसाठी. वेलची, दालचिनी, कोको वासासाठी. ज्या वस्तूचं काम तुम्हाला सांगता येत नाही, ती ग्लासात नको. बरेच जण यूट्यूबवरच्या रेसिपी बघून चिया, जवस, भोपळ्याच्या बिया, बदाम, अक्रोड सगळं एकदम ओततात. चव बरी लागते, पण कॉस्टिंग काढायला बसलं की घाम फुटतो.

एक ग्रॅम प्रोटीन केवढ्याला पडतं?

आता वही-पेन घ्या. मी खाली जे भाव धरलेत ते उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमच्या बाजारातले टाका. पद्धत तीच राहील.

ओट्समध्ये १०० ग्रॅममागे साधारण १३ ग्रॅम प्रोटीन असतं. समजा ओट्स २०० रुपये किलो मिळाले, तर किलोभर ओट्समधून १३० ग्रॅम प्रोटीन मिळालं. म्हणजे एक ग्रॅम प्रोटीन दीड रुपयाच्या आसपास. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम. भाव १६० रुपये किलो धरला तर एक ग्रॅम ६४ पैशांना. डाळं १४० रुपये किलो, त्यात २० ग्रॅम, म्हणजे ७० पैसे. स्किम्ड मिल्क पावडर ४०० रुपये किलो, त्यात ३५ ग्रॅम, म्हणजे १ रुपया १४ पैसे. गाईचं दूध ६० रुपये लिटर, १०० मिलीमागे साधारण ३.२ ग्रॅम, म्हणजे १ रुपया ८८ पैसे. बदाम ९०० रुपये किलो धरले तर एक ग्रॅम सव्वाचार रुपयांच्या पुढे जातं. आणि व्हे पावडर, जिच्यात १०० ग्रॅममागे ७५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, ती २४०० रुपये किलोने घेतली तर ३ रुपये २० पैसे.

बघा, गंमत कुठे आहे. जी वस्तू आपण गरिबाचा बदाम म्हणतो, तीच इथे सगळ्यात स्वस्त पडते. आणि आरोग्याचं नाव घेऊन ज्या ओट्सची जाहिरात होते, ते प्रोटीनच्या बाबतीत मधेच कुठेतरी लटकलेले दिसतात. ओट्स वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून शेक दाट होतो आणि पिणाऱ्याला लवकर भूक लागत नाही. गिऱ्हाइकाला "पोटभर" वाटतं ते यामुळे. पण त्या कामाला २० ग्रॅम पुरतात, म्हणजे दोन मोठे चमचे. ४० ग्रॅम घातले तर तो शेक राहत नाही, चमच्याने खायची पेज होते.

आणखी एक. धान्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचा घटक कमी असतो. दूध आणि डाळ ती कसर भरून काढतात. आपल्याकडे वरण-भात, खिचडी ही जोडी उगाच नाही बसली. ग्लासातही तेच तत्त्व लावायचं: ओट्स एकटे नकोत, सोबत दूध आणि डाळं किंवा शेंगदाणे हवेतच.

दोन ग्लास शेजारी ठेवून बघू

पहिला ग्लास, जो बहुतेक ठिकाणी मिळतो: २०० मिली दूध, ४० ग्रॅम ओट्स, एक केळं, एक मोठा चमचा मध. आपल्या भावाने दूध १२ रुपये, ओट्स ८, केळं ५, मध ८. एकूण ३३ रुपये. प्रोटीन साडेबारा ग्रॅमच्या आसपास.

दुसरा ग्लास: २०० मिली दूध, २० ग्रॅम ओट्स, १५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, १५ ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर, अर्धं केळं, दोन बिनबियांचे खजूर, बर्फ. दूध १२, ओट्स ४, शेंगदाणे २ रुपये ४० पैसे, पावडर ६, केळं अडीच, खजूर ४. एकूण ३१ रुपयांच्या आत. प्रोटीन १८ ग्रॅमच्या वर.

खर्च दोन रुपयांनी कमी, प्रोटीन जवळपास दीडपट. हे गणित तुमच्या शेजारच्या स्टॉलवाल्याने केलेलं नसेल, तर ती तुमची संधी आहे.

१८ ग्रॅम म्हणजे किती, हे गिऱ्हाईक विचारणारच. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. म्हणजे आपला ग्लास त्याची एक तृतीयांश गरज भागवतो. हे वाक्य पाठ करून ठेवा. सेल्समनसारखं बोलायची गरज नाही, एवढं एकच वाक्य शांतपणे सांगितलं तरी पुरतं.

पण थांबा, या ग्लासात ४०० च्या वर कॅलरी आहेत. वजन वाढवू पाहणाऱ्या पोराला तो उत्तम. तोच ग्लास वजन कमी करायला चालायला येणाऱ्या ताईंना दिलात, तर महिनाभराने काटा उलटा फिरेल आणि त्या तुमचं नाव सगळ्या ग्रुपला सांगतील. त्यांच्यासाठी वेगळा ग्लास ठेवा: २०० मिली टोन्ड दूध, २० ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर, फक्त १० ग्रॅम ओट्स, दालचिनी, बर्फ. खजूर नाही, शेंगदाणे नाहीत. प्रोटीन साडेचौदा ग्रॅमच्या आसपास, कॅलरी जवळपास निम्म्या. बोर्डवर "वजन वाढवण्यासाठी" आणि "वजन सांभाळण्यासाठी" असे दोन रकाने करा. आणि कुणी किडनीचा त्रास किंवा डायबेटीस सांगितला, तर "आधी डॉक्टरांना विचारा, मग या" असं स्पष्ट सांगा. एक ग्लास गेला तरी चालेल.

ओट्स हाताळायची पद्धत

रोल्ड ओट्स घ्या, साधे. मसाला ओट्स नकोत (हो, घालणारे आहेत), आणि स्टील-कट तर अजिबात नकोत, ते शिजवल्याशिवाय खाण्यात कचकच लागतात. कोरडे ओट्स जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवत भाजा, खमंग वास सुटला की उतरवा. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना दळले तर वाफेने पीठ गोळा होतं. मग मिक्सरला बारीक करून चाळून हवाबंद डब्यात. हे पीठ आठवडाभरापुरतंच करा. दळलेल्या ओट्समधली चरबी हवेने खवट होते आणि तो वास दूध लपवू शकत नाही.

मिक्सरमध्ये आधी दूध, मग पीठ आणि पावडरी, मग फळ, शेवटी बर्फ. कोरडं आधी टाकलं तर भांड्याच्या तळाशी चिकटून बसतं. शेक केल्यावर लगेच द्या. पंधरा-वीस मिनिटांत ओट्स फुगतात आणि ग्लास घट्ट होतो. पार्सल नेणाऱ्याला दोन-तीन चमचे दूध जास्त घालून द्या आणि पिण्याआधी हलवायला सांगा.

डाळं वापरत असाल तर पीठ वस्त्रगाळ करा, नाहीतर घशाला रवाळ लागतं. शेंगदाणे भाजून, सालं काढून, काळे पडलेले आणि सुरकुतलेले दाणे निवडून टाका. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते भाजून जात नाही. इथे पाच रुपये वाचवायला जाऊ नका. अननस आणि दूध एकत्र नको, अननसातलं एन्झाइम दुधाचं प्रोटीन तोडतं आणि शेक कडवट होतो. कच्चं अंडं मागणारे येतील. सरळ नाही म्हणा, साल्मोनेलाची जोखीम तुमच्या डोक्यावर कशाला?

उपवासाचा ग्लास

हा मुद्दा कुठल्याच परदेशी व्हिडिओत सापडणार नाही. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र या दिवशी ओट्सचा शेक खपत नाही, कारण ओट्स उपवासाला चालत नाहीत. त्या दिवशी गिऱ्हाईक कमी झालं म्हणून हळहळत बसण्यापेक्षा ओट्सच्या जागी राजगिऱ्याच्या लाह्या घाला. राजगिऱ्यातही प्रोटीन ओट्सइतकंच, १३-१४ टक्के, आणि त्यात लायसिन चांगलं असतं. लाह्या आधीच फुललेल्या असतात, त्यामुळे भाजायची कटकट नाही. दूध, लाह्या, शेंगदाणे, खजूर, वेलची, झाला उपवासाचा प्रोटीन शेक. भांडं मात्र वेगळं ठेवा आणि तसं बोर्डावर लिहा. उपवास करणारा माणूस हे आवर्जून विचारतो.

तसंही, दुधात काहीतरी वाटून पैलवानाला द्यायचं हे आपल्याला नवीन नाही. कोल्हापूरच्या तालमीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी वाटून केलेली थंडाई पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. तुमच्या मेनूत "तालीम स्पेशल" नावाचा एक ग्लास असेल तर आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे तो बोर्डावरून वेगळा खपवावा लागणार नाही. फक्त बदामाचा भाव आठवा आणि त्याची किंमत तशी लावा.

कागदपत्रं आणि शब्द

एफएसएसएआयची नोंदणी फोस्कॉस पोर्टलवर होते. हातगाडी असली तरी ती लागते. १४ अंकी नंबर स्टॉलवर दिसेल असा लावा. बर्फ खाण्याचाच घ्या. निळसर रंग टाकलेला बर्फ हा कारखान्यातल्या वापराचा असतो. प्लास्टिकचे ग्लास आणि स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, तेव्हा कागदी ग्लास धरूनच कॉस्टिंग करा. दूध, शेंगदाणे, सोया, ओट्स यांची अ‍ॅलर्जी असणारी माणसं असतात, म्हणून बोर्डावर सगळे घटक लिहा आणि शेंगदाण्याचं भांडं दरवेळी धुवा.

"हाय प्रोटीन" असं मोठ्या अक्षरात लिहायची घाई करू नका. अन्नपदार्थांच्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत. त्यापेक्षा "या ग्लासात साधारण १८ ग्रॅम प्रोटीन" असं लिहा, आणि ते खरं ठेवायचं असेल तर चमच्याचा अंदाज सोडून दोन-तीनशे रुपयांचा किचन वजनकाटा घ्या. मालक हातचा मोकळा आणि नोकर हातचा घट्ट, असं झालं की दोन ग्लास सारखे निघत नाहीत. रोज रात्री कोरड्या मालाच्या पुड्या मोजून बांधून ठेवल्या, तर सकाळच्या गर्दीत प्रश्नच येत नाही. व्हे मागणाऱ्याला त्याच्यासमोर डबा उघडून, मोजून, वेगळे पैसे लावून द्या. तुमच्या मूळ ग्लासात ते मिसळू नका.

आता भाव. माल ३१, कागदी ग्लास ३, बर्फ-वीज ३, सांडलवंड २, एकूण ३९ रुपये. ७० ला विकला तर हातात ३१ उरतात. जागेचं भाडं महिना ६ हजार आणि सकाळपुरता मदतनीस ८ हजार, महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजचा खर्च ५३९ रुपये. ५३९ भागिले ३१, म्हणजे १७ ग्लास आणि वर थोडं. दिवसाचा अठरावा ग्लास विकला गेला की तिथून पुढे तुमची कमाई सुरू.

तुमच्या मैदानावर अठरा ग्लास जातील का, हे घरी बसून कळत नाही. स्टॉल टाकायच्या आधी आठ दिवस सकाळी साडेसहा ते साडेआठ तिथे उभे राहा, माणसं मोजा, आणि त्यातली किती जण बाहेर पडताना थांबून चहा, नारळपाणी, काहीतरी घेतात ते वहीत मांडा. तो आकडा आणि तुमच्या बाजारातले भाव घेऊन या. पुढच्या व्हिडिओत आपण याच ग्लासचं कोरडं पीठ पाकिटात भरून विकायचं कसं, त्याचं लेबल आणि लायसन्स काय, ते पाहणार आहोत.