जगाची प्रतिकृती आणि म्हैसूरची पेठ

म्हैसूरच्या राजवाड्याचे उत्तरेकडील बलराम द्वार ओलांडून, चामराज आणि कृष्णराज या दोन महाराजांच्या पुतळ्यांचे चौक मागे टाकून जो प्रवासी सयाजीराव रस्त्याला लागतो, त्याला आपण देवराज मोहल्ल्यात शिरलो आहोत हे कोणी सांगावे लागत नाही. फुलांचा, उदबत्त्यांचा आणि तुपात तळल्या जाणाऱ्या मिठाईचा संमिश्र दरवळच ते काम करतो. ज्यांच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो ते सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले आणि बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेले. देवराज बाजाराशेजारचे छोटे घड्याळ, ज्याला येथे ‘चिक्क गडियार’ म्हणतात, ते व्हाइसरॉय डफरिन यांच्या १८८६ सालच्या भेटीचे स्मारक. जवळची लॅन्सडाउन इमारत त्यांच्यामागून आलेल्या व्हाइसरॉयच्या नावाची. एवढ्याशा वस्तीत इतक्या परस्थांच्या खुणा पाहिल्या म्हणजे, हल्ली परदेशी जाऊन आलेली मंडळी ज्यांचे कौतुक मोठ्या उत्साहाने सांगतात, त्या ‘जगातील देश’ एका कुंपणात मांडणाऱ्या थीम पार्कांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या उद्यानांतील सर्वांत प्रसिद्ध नमुना अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात आहे. डिस्ने कंपनीने १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडलेल्या एप्कॉट उद्यानात एका तळ्याभोवती देशोदेशींची दालने मांडलेली असून, प्रारंभी नऊ असलेल्या या दालनांत १९८४ साली मोरोक्कोची आणि १९८८ साली नॉर्वेची भर पडून संख्या अकरा झाली. त्यांत भारत नाही, ही गोष्ट आपल्याकडील पर्यटकांना किंचित बोचते. तळ्याला प्रदक्षिणा घालीत मनुष्य मेक्सिकोतून चीनमध्ये, जर्मनीतून इटलीत आणि जपानातून फ्रान्समध्ये पायी जातो, आणि त्याला ना पारपत्र लागते ना जकात नाक्यावर झडती द्यावी लागते. इमारती मोठ्या चातुर्याने रचलेल्या आहेत. तळमजला जवळजवळ खऱ्या मापाचा, वरचे मजले मात्र क्रमाक्रमाने लहान, अशी ही युक्ती असल्यामुळे खालून पाहणाऱ्याच्या दृष्टीला वास्तू असते त्याहून कितीतरी उंच भासते. पॅरिसचा आयफेल मनोरा तेथे मूळच्या सुमारे एकदशांश उंचीचा आहे. त्याच्या पायथ्याशी कोणाला जाऊ देत नाहीत, कारण जवळ गेल्यास सारी माया विरून जाईल.

तथापि माझ्या मते या दालनांचे रहस्य त्यांच्या शिखरांत नसून दुकानांत आहे. एखादा झुला किंवा नौकाविहार संपला की बाहेरची वाट दुकानातूनच काढलेली असते, आणि नुकतेच पाहिलेले नवल अद्याप डोळ्यांपुढे असताना त्याचा एखादा लहानसा अंश, मग ती बाहुली असो, पंखा असो वा मसाल्याची पुडी असो, घरी न्यावासा वाटणे हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. ही दुकाने सर्वस्वी नकली आहेत असेही म्हणता येत नाही. जपानच्या दालनातील दुकान चालविणारी मित्सुकोशी ही पेढी आपले मूळ १६७३ साली निघालेल्या एका कापडाच्या दुकानापर्यंत नेऊन भिडविते, म्हणजे शिवरायांच्या राज्याभिषेकाच्याही आदल्या वर्षापर्यंत. आणि मोरोक्कोच्या दालनातील नक्षीदार फरशा बसविण्यासाठी त्या देशाचे राजे दुसरे हसन यांनी आपल्याकडचे कारागीर धाडले होते. भिंत खोटी, परंतु तिच्यावरची फरशी खरी, असा हा चमत्कारिक संसार आहे.

देश मांडून दाखविण्याची ही हौस डिस्नेच्या फार पूर्वीची आहे. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली काचेच्या महालात जे जागतिक प्रदर्शन भरले, त्यात हिंदुस्थानच्या विभागात एक सुंदर अंबारी ठेवायची होती. अंबारी आली, पण हत्ती आला नाही. तेव्हा इंग्लंडातल्याच एका गावच्या संग्रहालयातून पेंढा भरलेला हत्ती मागवून त्याच्या पाठीवर ती चढविण्यात आली, आणि तो हत्ती आफ्रिकी जातीचा होता! पुढे १८८६ साली त्याच शहरात साम्राज्यातील वसाहतींचे व हिंदुस्थानचे प्रदर्शन झाले, त्या वेळी प्रेक्षकांसमोर बसून गालिचे विणणारे आणि भांडी घडविणारे जे ‘हिंदी कारागीर’ होते, त्यांपैकी बहुतेकांना आग्र्याच्या तुरुंगात ती कला शिकवून तेथूनच नेलेले होते. त्याच प्रदर्शनात ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या राज्यात घडविलेला आणि त्यांनी भेट दिलेला एक भव्य कोरीव दगडी दरवाजा उभा होता. तीन वर्षांनी, पॅरिसच्या प्रदर्शनात, कैरो शहरातील एक अख्खी गल्ली बांधण्यात आली आणि तीत खरी गाढवे व खरे गाढववाले इजिप्तहून आणून सोडले गेले. जेत्यांनी जितांचा देश आपल्या अंगणात मांडावा आणि त्यातून करमणूक करून घ्यावी, हा त्या सगळ्या खटाटोपामागचा भाव होता, हे कितीही सौम्य शब्दांत सांगितले तरी लपत नाही.

याच कालखंडात म्हैसूर दरबारानेही एक प्रदर्शन सुरू केले, आणि त्याचा रोख नेमका उलट होता. पन्नास वर्षांचा इंग्रज कमिशनरांचा अंमल संपून १८८१ साली राज्य पुन्हा वाडियार घराण्याच्या हाती आले. त्याच सुमारास, म्हणजे १८८० पासून, दहाव्या चामराज वाडियारांच्या नावाने दसऱ्याचे वस्तुप्रदर्शन चालत आल्याचे मानतात. उद्देश असा की बाहेरच्या जगात जे नवे निघत आहे ते आपल्या प्रजेच्या दृष्टीस पडावे. ही केवळ शोभेची भाषा नव्हती. दिवाण रंगाचार्लू यांनी १८८१ च्या दसऱ्यालाच प्रतिनिधी सभेची पहिली बैठक भरविली, आणि त्यामुळे तालुक्यातालुक्यांतले जमीनधारक व व्यापारी दरवर्षी दसऱ्याला सरकारी निमंत्रणावरून राजधानीत येऊ लागले. दिवाणांपुढे गाऱ्हाणी मांडावी, स्वारी पाहावी, आणि नव्या वस्तू न्याहाळून परतावे, अशी ही तजवीज होती. याच रंगाचार्लूंच्या स्मरणार्थ बांधलेले सभागृह, म्हणजे आजचा टाउन हॉल, बाजारापासून हाकेच्या अंतरावर आहे. प्रदर्शन आता दोड्डकेरे मैदानावर भरते, १९८१ पासून त्याची व्यवस्था कर्नाटक प्रदर्शन प्राधिकरणाकडे आहे, आणि दसरा उलटून गेल्यावरही ते आठवडेच्या आठवडे चालते. तेथे सरकारी खात्यांची दालने असतात, पाळणे असतात, भांडीकुंडी व कपडेलत्ते असतात. परंतु गर्दी ज्याच्यासाठी लोटते तो जिन्नस म्हणजे ताटाएवढा, तिखट भुरभुरलेला ‘दिल्ली हप्पळ’ हा पापड. खात्यांच्या दालनांतील तक्त्यांपुढे उभा राहणारा मनुष्य मला विरळाच दिसला. पापडापुढे मात्र रांग असते.

पाहिलेले परके आपल्याकडे रुजविण्याची ही रीत म्हैसूरने पुढे मोठ्या प्रमाणावर चालविली. चौथ्या कृष्णराज वाडियारांच्या कारकीर्दीत १९१२ साली स्वित्झर्लंडहून बत्तीस यंत्रमाग आणून रेशीम विणण्यास आरंभ झाला, आणि आज ज्या म्हैसूर सिल्क साडीसाठी मराठी गृहिणी येथील सरकारी दुकानात तासचे तास घालवितात, तिची वंशावळ त्या मागांपर्यंत पोहोचते. त्याच वर्षी दिवाणपदावर आलेले विश्वेश्वरय्या पुण्यात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदवारी केलेले आणि १८९८ मध्ये जपान पाहून आलेले. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाच्या लाकडाची युरोपातील निर्यात अडली, तेव्हा लाकूड परदेशी धाडण्याऐवजी तेल येथेच काढावे असा निर्णय झाला आणि १९१६ मध्ये चंदनतेलाचा सरकारी कारखाना निघाला. प्रदर्शनात वस्तू पाहणे आणि ती वस्तू स्वतः करू लागणे यांतील अंतर म्हैसूर संस्थानाने जितक्या लवकर कापले, तितक्या लवकर ते आपल्याकडच्या फार थोड्या संस्थानांनी कापले असेल.

इमारतींच्या बाबतीत तर हे शहर स्वतःच एक विशाल दालनमाला आहे. १८९७ च्या आगीत जुना लाकडी राजवाडा जळाल्यावर हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यानुसार १९१२ पर्यंत उभ्या राहिलेल्या नव्या राजवाड्यातील कल्याण मंडपाचे लोखंडी खांब ग्लासगोच्या ओतशाळेतून आले, छताची रंगीत काचही तेथलीच, परंतु त्या काचेवरचे मोर म्हैसूरच्या चित्रकारांनी रेखाटलेले. चामुंडी टेकडीच्या पायथ्याचा ललित महाल लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटाची आठवण करून देतो. १९३३ साली पायाभरणी झालेले सेंट फिलोमिना चर्च जर्मनीतील कोलोनच्या धर्तीवर आहे. आणि दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या देखरेखीखाली कृष्णराजसागर धरणाखाली फुललेले वृंदावन उद्यान काश्मीरच्या शालिमार बागेच्या पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेवर बेतलेले आहे. सेंट पॉल, कोलोन आणि शालिमार ही तिन्ही स्थळे एका दिवसात रिक्षाने पाहून होतात. एप्कॉटशी फरक इतकाच, की फिलोमिनाच्या चर्चमध्ये लोक खरोखर प्रार्थना करतात आणि वृंदावनावरच्या धरणाचे पाणी खरोखर शेतात जाते.

देवराज मोहल्ल्यातील दोड्ड गडियार, म्हणजे मोठे घड्याळ, हे मला या सर्वांत अधिक अर्थपूर्ण वाटते. चौथ्या कृष्णराजांच्या राज्यकारभाराच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९२७ साली राजवाड्यातील नोकरवर्गाने उभारलेला हा पंचाहत्तर फूट उंचीचा मनोरा कल्पनेने पूर्णपणे विलायती; युरोपातील कोणत्याही गावच्या चौकात तो शोभला असता. पण तबकडीवरचे आकडे कानडी आहेत. जवळच्याच जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात याच्या उलट प्रकारचे एक फ्रेंच घड्याळ ठेवले आहे, ज्यात तासाला चिमुकल्या सैनिकांचे संचलन निघते. ते पाहणारा प्रेक्षक थक्क होतो, परंतु त्यावरून वेळ कोणी पाहत नाही. मराठी प्रवासी मात्र या कलादालनात निराळ्याच कारणासाठी थांबतात. हातात समई घेऊन उभी असलेली, बोटांच्या फटींतून लालसर उजेड झिरपणारी जी तरुणी तेथे अंधाऱ्या खोलीत टांगलेली आहे, तिला अनेकजण राजा रविवर्म्याची कृती समजतात. वस्तुतः ती सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांची असून तिच्यासाठी त्यांची कन्या गीता उभी राहिली होती. तैलरंग नव्हे, जलरंग! इतक्या खोल काळोखाची छटा पाण्यात कालवलेल्या रंगाने साधणे हे किती दुर्घट आहे, ते ब्रश हाती धरलेल्यालाच कळेल.

आता खुद्द देवराज बाजार. दिवाण पूर्णय्यांच्या कालव्याच्या जागेवर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून टप्प्याटप्प्याने वाढलेल्या या मंडईत आठशेच्या घरात गाळे आहेत. म्हैसूर मल्लिगेच्या कळ्यांचे हार हातावर मोजून दिले जातात, नंजनगूडची रसबाळे केळी घडांनी लटकतात, विड्याची पाने ओल्या फडक्याखाली झाकलेली असतात, आणि कुंकवाचे व रंगांचे निमुळते ढीग एका ओळीत मांडलेले असतात. हे ढीग परदेशी पाहुण्यांचे विशेष आवडते. जर्मनीतला वा जपानातला मनुष्य येथे येऊन त्यांची छायाचित्रे घेतो, तेलवाल्याच्या बाकावर बसून मनगटावर चंदनाचा आणि जाईचा थेंब लावून घेतो, आणि उदबत्ती कशी वळतात ते वळणाऱ्याच्या शेजारी बसून शिकतो. त्याच्या दृष्टीने हीच आंतरराष्ट्रीय दालनातील दुकानदारी आहे. फरक पाहावयाचा तर तो शेजारच्या गाळ्यात दिसतो, जेथे त्याच वेळी नवऱ्या मुलीची आई लग्नासाठी मल्लिगेच्या भावावर घासाघीस करीत असते आणि कॅमेऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही ही विश्वदर्शनाची हौस आली आहे. खोपोलीजवळ २०१३ साली उघडलेल्या इमॅजिका उद्यानाच्या जलविभागाला ग्रीसच्या मिकोनोस बेटाचा पांढरा-निळा साज चढविला आहे, आणि सह्याद्रीच्या पावसात तो साज कसा दिसतो हे पाहण्याजोगे असते. दुबईत राहणारी मराठी कुटुंबे हिवाळ्यात तेथल्या ग्लोबल व्हिलेज मेळ्यात जातात. भारताच्या दालनात शिरून, ज्या वस्तू दादर किंवा लक्ष्मी रोडवर नजरेसही पडल्या नसत्या, त्या दिरहम मोजून घेतात. यात हसण्यासारखे काही नाही. परक्या मुलखात आपल्या देशाची प्रतिकृतीही आपलीच वाटू लागते.

देवराज बाजारापुढचा प्रश्न याच जातीचा आहे. लॅन्सडाउन इमारतीचा काही भाग २०१२ साली कोसळून माणसे दगावली. २०१६ च्या दसऱ्याच्या तोंडावर बाजाराच्या उत्तर बाजूचा भाग ढासळला. तेव्हापासून महानगरपालिका, वारसातज्ज्ञ, व्यापारी आणि न्यायालय यांच्यात वाद चालत आला: मूळ चुन्याच्या बांधणीची डागडुजी करावी, की सारे पाडून त्याच कमानींचे, त्याच रूपाचे नवे बांधकाम करावे? सुरक्षिततेचा युक्तिवाद हलका नाही, कारण छत खाली येते ते वारसा पाहून येत नाही. पण दुसरी सूचना अमलात आल्यास सव्वाशे वर्षांची ही मंडई नव्या सिमेंटात स्वतःचीच प्रतिकृती होऊन उभी राहील, आणि कमानी कितीही हुबेहूब साधल्या तरी त्यांच्याखालचा गाळा जुन्या भाड्यात मिळणार की नाही, हा फुलवाल्यांचा प्रश्न वास्तुशास्त्रज्ञांच्या अहवालांनी सुटण्यातला नाही.