सलामाला उत्तर न देणारे मूल

घरी पाहुणे येतात, सलाम करतात आणि चार वर्षांचे मूल मान वर करूनही बघत नाही. गाडीचे चाक फिरवण्यात ते गुंग असते. पाहुणे सहज म्हणून जातात, "याला काही शिकवलं नाही का?" आईचा चेहरा उतरतो. जळगाव असो की धुळे, ज्या घरात असे वारंवार घडते, त्या घराने स्वमग्नता म्हणजे ऑटिझम समजून घेतला पाहिजे.

स्वमग्नता हा वेडेपणा नाही, बेअदबी नाही आणि नजर लागणेही नाही. मेंदूच्या जडणघडणीतले हे वेगळेपण आहे. इतरांशी संवाद, नजरेची भाषा, चेहऱ्यावरचे भाव हे सारे इतर मुले आपोआप उचलतात. स्वमग्न मुलाला ते एकेक करून शिकवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात साधारण १२७ माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. एकेकाळी याचा दोष आईच्या मायेवर टाकला जाई. ते मत केव्हाच खोटे ठरले. लसीमुळे स्वमग्नता होते असे सांगणारा १९९८ चा लेखही 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. म्हणून आईला बोल लावू नका आणि लस चुकवू नका.

कधी सावध व्हावे?

वर्षाचे झाले तरी मूल नावाने हाक मारल्यावर वळत नाही, हात हलवून 'टाटा' करत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एक शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही. किंवा आलेले शब्द गेले. यांपैकी काही दिसले तर "त्याचे अब्बूही उशिराच बोलले होते" म्हणून थांबू नये. दुआ करावी, पण डॉक्टरांकडे जाणेही लांबवू नये. मुलींमधली स्वमग्नता पुष्कळदा 'लाजाळू आहे' म्हणून नजरेआड होते, हेही लक्षात ठेवावे.

आधी कानांची तपासणी करून घ्यावी. मग बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही जवळची सरकारी ठिकाणे आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी आणि शाळांत मुलांची तपासणी करतात. तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शंका असेल ती पथकाला स्पष्ट सांगा.

घर हीच पहिली शाळा

थेरपीला आठवड्यातून एक-दोन तास मिळतात. उरलेला सगळा वेळ मूल घरातच असते. आमच्या घरांत दादी, फुपी, चाचा, भावंडे असा गोतावळा असतो. सर्वांनी एकाच पद्धतीने वागायचे ठरवले तर ही मोठीच ताकद आहे.

सुरुवात मुलाच्या आवडीपासून करा. ते चाक फिरवत असेल तर शेजारी बसून तुम्हीही चाक फिरवा. त्याने तुमच्याकडे पाहिले की हसा. मग चेंडू घ्या: "आता माझी पाळी, आता तुझी पाळी." पाळी कळणे हा माणसांत मिसळण्याचा पाया आहे. पाणी न मागता हातात देऊ नका. ग्लास समोर धरा, क्षणभर थांबा. त्याने बोट दाखवले, आवाज काढला, तरी लगेच पाणी द्या. आपण काही सांगितले की समोरचा ऐकतो, हे त्याला असे कळते.

सलामही पायऱ्यांनी शिकवावा. आधी फक्त हात वर करणे, तोही अम्मीसमोर. मग दादीसमोर. मग दारात आलेल्या ओळखीच्या माणसासमोर. शब्द नंतर येतील. "डोळ्यांत बघ" म्हणून हनुवटी धरून चेहरा वळवू नका. कित्येक मुलांना नजरेला नजर देणे त्रासाचे होते. गळाभेट नको असेल तर हात हलवणे पुरे.

या मुलांना ठरलेला क्रम आवडतो. वुजूची चित्रे क्रमाने भिंतीवर लावा: हात, तोंड, नाक, चेहरा. नमाजातही क्रम ठरलेला असतो, म्हणून काही मुले त्यात लवकर रमतात. मशीद प्रथम दाखवायची ती गर्दी नसताना, जोहर आणि असरच्या मधल्या वेळेत. जुम्याची गर्दी आणि लाउडस्पीकर नंतर.

ईद किंवा लग्न असेल तर आठ दिवस आधीपासून त्या घराचे, माणसांचे फोटो दाखवा आणि साध्या वाक्यांत सांगा: "आपण खालाकडे जाऊ. तिथे खूप लोक असतील. आवाज वाटला तर आतल्या खोलीत बसू. मग घरी येऊ." नवे कपडे टोचत असतील तर आधी एकदा धुऊन घ्या. मूल कान झाकून ओरडू लागले तर तो हट्ट नसतो, त्याला आवाज सोसवत नसतो. रागावण्याऐवजी शांत जागी न्या.

भाषा किती?

घरी उर्दू, गल्लीत अहिराणी, शाळेत मराठी. पालकांना भीती वाटते की एवढ्या भाषांनी मूल गोंधळेल. आजवरच्या अभ्यासांत दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचे बोलणे मागे पडते असे आढळलेले नाही. ज्या भाषेत आई लाड करते, त्याच भाषेत मुलाशी बोलत राहा. ती तोडली तर मूल दादी-नानीपासूनही तुटते.

हक्काचे काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे आणि स्वमग्नता त्यांत आहे. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असेल तर ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा असून थेरपीचा खर्चही त्यात धरला जातो. "कागदावर शिक्का बसेल, बहिणींची लग्ने अडतील" या भीतीने कितीतरी घरे प्रमाणपत्र टाळतात. लपवण्यात मुलाची शिकण्याची वर्षे निघून जातात, आणि ती परत मिळत नाहीत.

शेवटी नातेवाइकांनाही काही शिकावे लागेल. मुलाने उत्तर दिले नाही तरी त्याला सलाम करा, नावाने हाक मारा, आपल्या मुलांना त्याच्याशी खेळायला पाठवा. आणि त्याच्या आईला विचारा, "तू जेवलीस का? तासभर मी याच्याजवळ बसते, तू जरा आराम कर." मुलाला माणसांत आणायचे तर आधी माणसांनी त्याच्याजवळ यायला हवे.