वाऱ्यासाठी कापलेले रस्ते

मुंबईत गिरगाव चौपाटीच्या बाजूने डोंगरीकडे जाणारा जुना सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, आणि त्याच काळातला प्रिन्सेस स्ट्रीट दाट वस्ती कापून काढले गेले. पश्चिमेचा समुद्रवारा आत शिरावा, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. शहरालाही नाक असते आणि ते चोंदते, असे आखणाऱ्यांनी मनोमन धरले होते म्हणा ना!

या कल्पनेचे एक मूळ १६२८ सालात सापडते. रक्त यकृतात तयार होऊन शरीरात जिरून जाते, असे तोवर वैद्य मानत. तेच रक्त हृदयाच्या ठोक्यांनी अंगभर फिरत राहते, हे विल्यम हार्वे यांनी दाखवले. वाहते ते निरोगी आणि साचते ते रोगट, हा विचार पुढे वैद्यकातून नगररचनेत उतरला. रस्त्यांना धमन्या आणि बागांना फुफ्फुसे म्हणायची रीत पडली. कुजक्या वासातून रोग उद्भवतो, ही त्याहून कितीतरी जुनी समजूतही त्यात मिसळली. तिचा फटका लंडनला बसला. वास घालवायचा म्हणून आरोग्यसुधारक एडविन चॅडविक यांच्या आग्रहाने १८४८च्या सुमारास घरांखालच्या मैलाकुंड्यांतली घाण टेम्समध्ये सोडली गेली. त्याच नदीचे पाणी लोक पीत होते. कॉलरा बळावला.

मुंबईत १८९६ साली मांडवीत प्लेगचा रुग्ण ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. दोन वर्षांत, सुरुवातीला सांगितलेले रस्ते काढणारा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला आणि नागपाड्यात पाडापाडी सुरू झाली. पुढे तर उजेड-वाऱ्याचा चक्क कोन ठरला: साडेत्रेसष्ट अंश. इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको, एवढाच त्याचा सरळ अर्थ. माणसाच्या श्वासाचे असे भूमितीत झालेले रूपांतर मला तरी थक्क करते.

योगायोग असा, की ट्रस्ट स्थापन झाला त्याच १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी प्लेगचा खरा वाहक शोधला होता: उंदरांच्या अंगावरची पिसू. तिला वाऱ्याचे काय? मोडलेल्या घरांच्या मानाने नव्या चाळी उशिरा आणि कमी बांधल्या गेल्या. घर गेलेले गरीब लोक मग जवळपासच्याच जुन्या चाळींत, आधीपेक्षाही दाटीवाटीने राहू लागले.