जुनी पिकअप घाटात दगा देऊ नये म्हणून. हंगामाआधीच करून घ्या ही कामं

जुन्नर : टोमॅटोचा तोडा झाला की माल थांबत नाही. नारायणगावच्या बाजारात क्रेट उशिरा पोहोचले तर चांगला भाव हातचा जातो. माळशेज घाटातून कल्याणकडे भाजी नेणाऱ्यांची जोखीम तर त्याहून मोठी. घाटात गाडी बंद पडली तर भाडं बुडतं, पण ब्रेक गेले तर जिवावर बेततं. दहा-बारा वर्षांची पिकअपही नीट सांभाळली तर चांगलं काम देते. मात्र अनेकदा ती बंद पडल्यावरच गॅरेज आठवतं आणि तिथंच खर्च वाढतो.

रोज सकाळी दहा मिनिटं : इंजिन थंड असतानाच ऑइल आणि कूलंट बघा. रेडिएटरमध्ये नुसतं बोअरचं पाणी टाकू नका; क्षारांचा थर बसून इंजिन तापायला लागतं. गाडी उभी होती तिथे जमिनीवर डाग दिसला तर गळती शोधा. फॅन बेल्टला चिरा आहेत का, टायरमध्ये हवा पुरेशी आहे का, हेही पाहा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

ब्रेक ऑइल : हे ऑइल हवेतली ओल शोषतं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल एकदम खाली जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावं. बाटलीतली पातळी सारखी उतरत असेल तर लायनर झिजलेत किंवा कुठंतरी गळतंय. नुसती भर घालून गाडी पुढं दामटू नये. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका, खालच्या गिअरमध्येच ठेवा.

डिझेल फिल्टर : पावसाळ्यात फिल्टरखालच्या भांड्यात पाणी साचतं. ते वेळोवेळी काढून टाका. पाणी पुढं गेलं तर पंप आणि इंजेक्टरचं काम निघतं, आणि ते फिल्टरपेक्षा कितीतरी महाग पडतं.

पाटे आणि ग्रीस : जास्त माल बसावा म्हणून अनेक जण एक पाटा वाढवतात. त्यानं गाडी मागून बसत नाही, पण एक्सल, बेअरिंग आणि ब्रेक तेवढेच राहतात. जादा वजनाचा ताण त्यांच्यावरच येतो. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि पाट्यांच्या पिना वेळेवर ग्रीस करा. गाडी चालू होताना मागून 'टक्' असा आवाज आला तर आधी क्रॉस तपासा. टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपर्यंत झिजण्याआधीच तो बदला.

डॅशबोर्डमध्ये एक वही : ऑइल, फिल्टर, ब्रेकचं काम कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर झालं ते लिहून ठेवा. ड्रायव्हर बदलला, मिस्त्री बदलला तरी हिशेब राहतो.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावंच लागतं. पण तो कागद त्या एका दिवसापुरता असतो. घाट उतरायचा असतो प्रत्येक खेपेला, त्यामुळे पॅडल जरा जरी मऊ लागलं तर आधी गॅरेज, मग भाडं.